पारा

निफाडला आज पारा साडेपाचावर,
पेपरात पहिल्याच पानावर, शेकोटीच्या फोटोसकट.
मुंबई नाक्याच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावर
मी हीटर लावते, पडदा ओढते.
गारठ्यात कातडी अंग चोरते
आणि आकडा खोटा येतो.

गायधनीकाका, झोपा. वीस मिनिटं फार बोलायचं नाही.

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
उजेडासमोर कागद धरलेला माणूस
पलंगावर आडवा होतो
आणि छताच्या ट्यूबलाइटकडे
तसेच डोळे बारीक करून पाहतो.

डाव्या अंगठ्याची जखम दिवाळीच्या आधीची.
नवी चप्पल चावली, एवढंच निमित्त.
हळद झाली, मलम झालं,
सातपूरच्या कुणाचा तरी लेपही झाला.

एक चकती छातीवर, गळ्याच्या हाडाखाली.
ती साक्षीला.
दुसरी पावलाच्या पाठीवर :
चिकट कडं, आत थेंबभर द्रव,
चव्वेचाळीस अंशांवर तापलेलं बटण.
कातडी ऊन झाली की दार किलकिलं करते,
आतला प्राणवायू उंबऱ्यापर्यंत येतो,
किती येतो ते मी मोजते
पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये.
मशीनमध्ये पारा नाही. बोलण्यात तेवढा उरलाय.

छाती अठ्ठावन्न.
पाऊल एकोणीस.

"पास का नापास?"
मला सांगायची परवानगी नाही.
तिसाच्या खाली जखम हटून बसते,
चाळिसाच्या वर भरायचं मनावर घेते,
मधल्या दहांत डॉक्टरसुद्धा
खिडकीबाहेर बघून बोलतात.
"आकडा अजून स्थिर होतोय," मी म्हणते.
तो केव्हाच झालेला असतो.

पाय खाली सोडा, काका, कडेवरून.
बावीस. चोवीस. चोवीसच.
मास्क लावते, नळी उघडते :
छाती धावत दोनशे ऐंशीवर,
पाऊल सव्वीस.
गंगापूर धरण भरलंय हो काठोकाठ,
शेवटच्या चारीला पाणी पोचत नाही
त्याला धरण काय करणार.

मग चकती वर चढवत नेते.
घोट्याच्या वर चार बोटं : एकतीस.
गुडघ्याखाली वीतभर : सत्तेचाळीस.
इथे थांबते. कागदावर लिहिते. पुन्हा बघते. सत्तेचाळीस.

कुमुदकाकू कोपऱ्यात मोजा हातात घेऊन.
"पाय काढावा लागेल म्हणतात का गं?"
पाय काढणं म्हणजे आमच्या घरी
लग्नाच्या पंगतीतून हळूच निघणं,
यजमानाला कळू न देता.
मी उत्तराऐवजी हीटर जरा जवळ सरकवते.

काकाच बोलतात, मास्क हनुवटीवर ओढून :
"एका नोटेवर शाई फुटली
तर आम्ही अख्खं शीट नाही फाडायचो, पोरी.
तेवढ्याच घरावर खूण करायची.
सरळ हातानं. हात थरथरला तर
शेजारची चांगली नोट जाते."
थोड्या वेळानं,
"तुझी खूण कुठपर्यंत आली?"

खूण डॉक्टर करतात, मी म्हणते.
खरंय तेही. पण पेन माझ्याच खिशात आहे
आणि बोट माझं अजून त्या वीतभरावर.

चकत्या सोडवते.
छातीवर लाल वर्तुळ, रुपयाएवढं.
पोटरीवरही, फिकट, पण लाल.
पावलावर नुसता चिकटपट्टीचा वळ.
काकू पदरानं चष्मा पुसतात,
वाकून तिन्ही जागा बघतात,
पोटरीवरच्या वर्तुळावर अंगठा दाबतात, उचलतात.
रंग जातो.
आम्ही तिघंही काही बोलत नाही.
रंग येतो.

"येतोय की," काकू म्हणतात,
आणि मोजा चढवायला घेतात,
आधी उजव्या पायात.

हीटर मी तसाच ठेवते.
बाहेर पुढचा नंबर बाकावर बसून
बुटाची नाडी सोडतोय.